कामाचें ओझें आणि मनावरील ताण

ह्या आठवड्याच्या पाठासाठीं जो विषय घेतला आहे तो आपल्यांतील पुष्कळांच्या घरीं रोज संध्याकाळीं दृष्टीस पडतो. नवरा कामावरून येतो तो कोणाशीं बोलत नाहीं. शाळेंतून आलेली शिक्षिका वह्यांचा गठ्ठा पुढें घेऊन बसते, पण एकहि वही उघडत नाहीं. रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेला दिवसा अंथरुणावर पडूनहि झोप लागत नाहीं. अशांस आपण "दमला आहे, दमली आहे" असें म्हणतों आणि विषय तेथेंच सोडतों. परंतु दमणें निराळें आणि ताण येणें निराळें. दिवसभर नांगर धरलेला मनुष्य दमतो, भाकर खाऊन निजतो आणि पहाटे ताजा होऊन उठतो. ज्याच्या मनावर ताण आहे तो निजूनहि ताजा होत नाहीं, कारण त्याचें शरीर घरीं आलें असलें तरी मन अद्याप कामावरच असतें.

अशा मनुष्याला आपल्या समाजांत बहुधा दोन उत्तरें मिळतात. एक, "मन घट्ट कर", आणि दुसरें, "काम कोणाला चुकलें आहे?" तो पाळकाकडे गेला तर कदाचित् तिसरेंहि मिळतें, तें म्हणजे "धीर धर." ह्या तिन्ही उत्तरांत थोडेंबहुत तथ्य आहे. परंतु तिन्हींत एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली आहे, ती ही कीं दोष त्या मनुष्याच्या मनांतच आहे. हें गृहीत कितपत खरें आहे तें आज आपण पाहूं.

प्रथम शरीराचा विचार करावा. वाटेनें जातांना अकस्मात् उधळलेला बैल समोर आला तर काय होतें? छाती धडधडते, श्वास जलद चालतो, तोंडाला कोरड पडते, भूक पार नाहींशी होते आणि हातापायांत एरव्हीं नसलेलें बळ येतें. हें कोणीं शिकविलेलें नसतें. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनीं ह्या क्रियेचा बारकाईनें अभ्यास करून १९१५ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून संकटसमयीं अ‍ॅड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो व तो शरीराला लढण्यास अथवा पळण्यास सज्ज करितो. ही देणगी मोठी उपकारक आहे. बैल निघून गेला कीं थोड्याच वेळांत छाती शांत होते, आणि मनुष्य हंसत घरीं येऊन ती गोष्ट सर्वांना सांगतो.

परंतु बैल निघून गेलाच नाहीं तर? ह्या प्रश्नाचें उत्तर कॅनडांतील माँट्रियल शहरीं मिळालें. तेथील मॅकगिल विद्यापीठांत हान्स सेली हे वैद्यकशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत होते. त्यांनीं उंदरांना निरनिराळीं द्रव्यें टोचलीं, कांहींना थंडींत ठेविलें, कांहींकडून अति श्रम करविले. कारण कोणतेंहि असो, परिणाम मात्र तेच दिसत: वर सांगितलेल्या ग्रंथी मोठ्या झालेल्या, रोगाशीं लढण्यास मदत करणारे अवयव आकसलेले, आणि जठरांत व्रण पडलेले. हें निरीक्षण सेली ह्यांनीं १९३६ सालीं 'नेचर' ह्या शास्त्रीय नियतकालिकांत एका लहानशा पत्ररूप लेखांत प्रसिद्ध केलें. शरीर प्रथम दचकतें, मग नेटानें टिकाव धरितें, आणि संकट सरलेंच नाहीं तर शेवटीं शक्ति संपून खचतें, अशा तीन पायऱ्या त्यांनीं सांगितल्या. लोखंडाच्या कांबीवर भार पडला असतां तिच्यांत जो ताण उत्पन्न होतो त्यासाठीं यंत्रशास्त्रांत असलेला शब्द त्यांनीं पुढें माणसाच्या ह्या स्थितीला लाविला, आणि आज तो सर्वांच्या तोंडीं आहे.

कचेरींतला किंवा कारखान्यांतला बैल निघून जात नाहीं, हीच नोकरदाराची अडचण. रात्रीं नऊ वाजतां वरिष्ठांचा येणारा फोन, चार लोकांदेखत झालेला अपमान, महिनाअखेरचा हिशेब, केव्हांहि होऊं शकणारी बदली, हीं संकटें शिंगें उगारून येत नाहींत. पण शरीर त्यांना तेंच उत्तर देतें. छाती धडधडते, पण पळावयाचें कोठें? मुठी आवळतात, पण लढावयाचें कोणाशीं? असें महिनोन् महिने चाललें म्हणजे रक्तदाब वाढतो, झोप उडते, अन्न पचत नाहीं, आणि ज्याच्या तोंडून कधीं वांकडा शब्द निघाला नव्हता तो घरांत लेंकरांवर खेंकसूं लागतो.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हा ताण अधिक कोणाला? पुष्कळ काळ लोकांची समजूत अशी होती कीं मोठ्या खुर्चीवर बसणाऱ्याला. जबाबदारी त्याची, निर्णय त्याचे, म्हणून हृदयविकारहि त्यालाच. शिपायाला कसली आली आहे चिंता? ह्या समजुतीला मोठा धक्का बसला तो लंडन शहरांत. तेथें व्हाइटहॉल नांवाचा रस्ता आहे. ब्रिटिश सरकारच्या मुख्य कचेऱ्या त्या रस्त्यावर व त्याच्या आसपास असल्यामुळें तेथील सरकारी नोकरशाहीलाच लोक त्या नांवानें ओळखतात. १९६७ सालीं तेथील नोकरांच्या प्रकृतीची तपासणी सुरू झाली. सतरा हजारांहून अधिक पुरुष तपासले गेले व पुढें कोण कशानें आजारी पडतो, कोण कशानें मरतो, ह्याची वर्षानुवर्षें नोंद ठेवण्यांत आली. डॉक्टर मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हां असें दिसून आलें कीं निरोपे, द्वारपाल वगैरे सर्वांत खालच्या श्रेणींतील नोकरांत हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक होतें.

आणि हें केवळ वरच्या व खालच्या टोकांपुरतेंच नव्हतें. मधल्या श्रेणीहि शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें क्रमानें लागल्या होत्या. जो एक पायरी खालीं, त्याला धोका एक पायरी अधिक. हीं सर्व माणसें एकाच शहरांत, कायमच्या नोकरींत, नियमित पगार घेणारीं. त्यांत उपाशी कोणी नव्हतें. खालच्या श्रेणींत विडीकाडी अधिक होती हें खरें, व तेवढ्यानें फरकाचा कांहीं भाग समजतो. परंतु तें आणि रक्तदाबासारखीं इतर ठाऊक कारणें जमेस धरूनहि फरकाचा मोठा भाग उलगडेना.

म्हणून १९८५ सालीं दुसरा अभ्यास हातीं घेण्यांत आला. ह्या खेपेस १०,३०८ नोकर होते व त्यांत स्त्रियाहि होत्या. आतां प्रकृतीबरोबर कामाविषयींहि प्रश्न विचारले गेले. आपलें काम कसें करावें हें तुम्हांला ठरवितां येतें काय? विसावा केव्हां घ्यावा हें तुमच्या हातीं आहे काय? कामासंबंधीं निर्णय घेतांना तुमचें मत कोणी विचारतें काय? अशा प्रकारचे ते प्रश्न होते. ज्यांच्या हातीं स्वतःच्या कामाचीं सूत्रें फार थोडीं होतीं त्यांना पुढील वर्षांत हृदयविकार अधिक झाला, आणि वरच्या व खालच्या श्रेणींतील फरकाचा बराचसा भाग ह्या एका गोष्टीनें समजूं लागला. माझ्या मतें ह्या विषयावर आजवर झालेल्या अभ्यासांत ही गोष्ट सर्वांत अधिक ध्यानांत धरण्यासारखी आहे. मोठ्या साहेबाला काम कमी होतें असें नव्हे. पण तें काम तो मांडी घालून आपल्या हातानें वाटून घेत होता. शिपाई घंटा वाजली कीं उठत होता.

अमेरिकेंतील रॉबर्ट करासेक ह्यांनीं १९७९ सालींच असा सिद्धांत मांडला होता कीं कामाचा रेटा मोठा आणि हातांत अधिकार थोडा, हा जोड सर्वांत घातक. रेटा मोठा असूनहि ज्याला आपल्या बुद्धीनें काम करण्याची मोकळीक आहे तो बहुधा त्यांत शिकतो व वाढतो. सुगीच्या दिवसांत स्वतःचें शेत कापणाऱ्याला पाहा. उन्हांत भाजून निघतो, पण त्याचें तोंड उतरलेलें नसतें. पुढें जर्मनींतील योहान्नेस झीग्रिस्ट ह्यांनीं ह्यांत आणखी एका गोष्टीची भर घातली. माणूस जितकें ओततो तितकें त्याला परत मिळतें काय? परत मिळणें म्हणजे केवळ पैसा नव्हे. मान, आणि उद्यांची शाश्वतीहि त्यांत आली.

हीं दोन मापें हातीं घेऊन आपल्या गांवांकडे पाहिलें तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. एस. टी. च्या कंडक्टरला गाडीची वेळ ठरवितां येत नाहीं, गर्दी आंवरतां येत नाहीं, रस्त्यांतील खड्डे बुजवितां येत नाहींत. पण उशिराबद्दल शिव्या त्यानेंच खावयाच्या आणि हिशेबांत तूट आली तर तीहि त्यानेंच भरावयाची. २००५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून गांवोगांव आशाताई आल्या. त्यांना नोकर न म्हणतां स्वयंसेविका म्हणतात. पगाराऐवजीं मानधन व कामागणिक मोबदला मिळतो. आणि बाळंतपणाची वेळ घड्याळ पाहून येत नाहीं. मग बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोडीचे मजूर घ्या. नवराबायकोच्या जोडीला तेथें 'कोयता' म्हणतात, ह्यांतच सर्व आलें. मुकादमाची उचल आधींच अंगावर घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड. गाडी भरण्याचें बोलावणें मध्यरात्रींहि यावयाचें. अशा बाईला "मन घट्ट कर" असें सांगणाऱ्यानें एकदां तिच्या डोक्यावरील मोळी स्वतः उचलून पाहावी.

कामाच्या तासांचाहि प्रश्न आहेच, पण तो समजण्यास सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना ह्यांनीं २०२१ सालीं मिळून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानें ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारें ३५ टक्के व हृदयविकारानें मरण्याचा धोका सुमारें १७ टक्के अधिक असतो. अति कामानें येणाऱ्या मरणाला जपानी भाषेंत 'करोशी' असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि तें टाळण्यासाठीं त्या देशाला २०१४ सालीं कायदा करावा लागला.

येथें आपल्याच मुंबईंतील एक जुनी हकीकत आठवते. रविवारची सुट्टी इंग्रजांनीं येतांना आपल्याबरोबर आणली व सर्वांना वाटून दिली, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. मुंबईच्या कापडगिरण्यांत मजूर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबत, आणि त्यांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं गिरणींत स्वतः नोकरी केली होती. पुढें ते 'दीनबंधु' पत्राचे संपादक झाले. १८८४ सालीं त्यांनीं मजुरांच्या सभा भरविल्या आणि सरकारनें नेमलेल्या कमिशनपुढें सुमारें साडेपांच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज ठेविला. त्या अर्जांतील मागण्या पाहण्यासारख्या आहेत. दर रविवारीं सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत हातीं पडावा. कामावर इजा झालेल्याची कांहीं सोय व्हावी.

काम नको, असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. दिवस कोठें सुरू होतो व कोठें संपतो, घास केव्हां खावयाचा, पैसे केव्हां मिळावयाचे, आणि हात तुटला तर घरच्यांचें काय, एवढें निश्चित असावें इतकीच ती विनंति आहे. व्हाइटहॉलच्या डॉक्टरांनीं आणि झीग्रिस्टांनीं जें शंभर वर्षांनंतर मोजून दाखविलें तें गिरणींतल्या माणसांनीं आपल्या अंगावरून ओळखलें होतें. सहा वर्षें त्यांना वाट पाहावी लागली. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार मजुरांची सभा भरली. तींत दोन स्त्रियांनींहि भाषणें केलीं, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें आठवड्याची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षींच्या कारखाना कायद्यांत ती आली. महाराष्ट्रांत रविवार हा खंडोबाचाहि वार, तेव्हां तो दिवस मजुरांना परका नव्हता. आज ज्यांना रविवारींच कामावर जावें लागतें अशा परिचारिका, कंडक्टर, पहारेकरी आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांचा एक दिवस दुसऱ्या वारीं का होईना, ठरलेला असावा, आणि त्या दिवशीं मंडळीच्या कामांनीं त्यांना पुन्हां जुंपूं नये. बैलाचें जूंदेखील आपण दुपारीं सोडतों.

ह्या विषयावर पवित्र शास्त्रांतील एक प्रसंग इतका नेमका लागू पडतो कीं तो वगळतां येत नाहीं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायांत मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे तोडीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो तें पाहतो. तो जांवयाला धीर धरण्यास सांगत नाहीं. तो त्याला कामाची मांडणी बदलावयास सांगतो: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसें नेमावीं, लहान गोष्टी त्यांनीं निवडाव्या आणि अवघड तेवढ्या मोशेकडे याव्या. ज्याच्यावर ताण आहे त्याला तो बहुधा आंतून दिसत नाहीं, बाहेरून आलेल्या सासऱ्याला दिसतो, हेंहि त्यांत शिकण्यासारखें आहे.

मग ज्याला मांडणी बदलण्याचा अधिकार नाहीं त्यानें काय करावें? थोडें तरी त्याच्या हातीं असतें. झोपेची वेळ राखावी. रात्रपाळीवाल्यानें दिवसा खोलींत अंधार करून निजावें, आणि घरच्यांनीं त्या वेळीं रेडिओ-टीव्ही बंद ठेवावा. जेवण चुकवूं नये. कामावरून आल्यावर अर्धा तास चालून यावें; जो रस उगीच रक्तांत उतरला आहे त्याला चालण्यानें वाट मिळते. उद्यांच्या कामांची यादी कागदावर उतरवून कागद बाजूला ठेवावा, म्हणजे ती यादी रात्रभर डोक्यांत घोळत नाहीं. तंबाखू, मिश्री, गुटखा व दारू ह्यांनीं क्षणभर उतार पडल्यासारखा वाटतो. परंतु दारूनें आलेली झोप मध्यरात्रीं मोडते आणि तंबाखू हृदयाचा दावेदारच आहे. सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे एका विश्वासू माणसाजवळ बोलणें. आणि एकट्यानें साहेबापुढें रडगाणें गाण्यापेक्षां चौघांनीं मिळून, शांतपणें, एकच स्पष्ट मागणी पुढें ठेवणें अधिक फळतें. लोखंड्यांचा अर्ज पुन्हां वाचावा. त्यांत किती थोड्या व किती नेमक्या गोष्टी आहेत!

कांहीं चिन्हें मात्र निराळीं समजावीं. कामाविषयीं शीण, कामावरून मन पूर्ण उडणें व हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें, ह्या तिहींच्या एकत्र स्थितीचें वर्णन जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं केलें, आणि तिला रोग न म्हणतां कामाच्या परिस्थितींतून उद्भवणारी अवस्था म्हटलें, हें लक्षांत घ्यावें. शिक्षक, परिचारिका, पाळक अशा दुसऱ्यांची सेवा करणाऱ्यांत ती पुष्कळदां दिसते. परंतु आठवडेच्या आठवडे उदासी हटत नसेल, कशांतच गोडी वाटत नसेल, किंवा जगून काय करावयाचें असे शब्द तोंडीं येऊं लागले असतील, तर तो ताण नसून आजार असूं शकेल, आणि आजाराला डॉक्टर पाहिजे. अशा माणसाला एकटें सोडूं नये. जिल्हा रुग्णालयांत न्यावें; आणि सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो, तो लावावा. अशा वेळीं विश्वास कमी पडला असें कोणीं त्याला म्हणूं नये. पाय मोडलेल्याला आपण तसें म्हणत नाहीं.

शेवटीं ज्यांच्या हाताखालीं माणसें काम करितात त्यांच्याशीं दोन शब्द. मुख्याध्यापक, दवाखान्याच्या मेट्रन, वसतिगृहाचे व्यवस्थापक, मुकादम, दुकानदार असे लोक आपल्या मंडळ्यांतहि आहेत. पाळ्यांचा तक्ता आदल्या रात्रीं न सांगतां महिन्याच्या आरंभीं भिंतीवर लावण्यास पैसा लागत नाहीं. चूक दाखवावयाची ती दार लावून दाखवावी. काम सांगतांना "हें कसें करतां येईल?" असें हाताखालच्याला एकदां विचारावें, तो जें सांगेल तें बहुधा उपयोगाचें असतें, कारण तें काम रोज तोच करितो. पगार ठरल्या तारखेस द्यावा. आणि ज्या घरीं धुणेंभांडीं करावयास बाई येते, तेथें तिच्या सुट्टीचा वार कोणता हें तिला व घरांतील सर्वांना आज ठाऊक आहे काय?